गोटुलात चाललेला मोठ्या भावाचा खटला

नील आणि तारा,

मागे फोनवर ताराने विचारलं होतं, "आजी, बायबल कोणी लिहिलं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात नीलने रिसीव्हर ओढून घेतला आणि तुमच्याकडे बर्फ किती पडलाय ते सांगायला लागला. प्रश्न तसाच राहिला. उत्तर माझ्याकडे तयार होतं. जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलेल्या बाईकडे उत्तरं तयारच असतात. पण नंतर मी गडचिरोलीच्या जंगलात जाऊन आले, आणि आता ते तयार उत्तर मला जसंच्या तसं देववत नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहिते. बाबाला वाचून दाखवायला सांगा. तो मधलं गाळायला लागला तर त्याला सांगा की आजीने स्वतःजवळ प्रत ठेवली आहे.

मी गेले ती दौलतमुळे. दौलत नरोटे हा गोंड मुलगा शिक्षक व्हायला आमच्या नगरला आला होता, तेव्हा आमच्याच माडीवर राहायचा. पुढे त्याने बाप्तिस्मा घेतला, लग्न केलं, आणि आता तो तिकडे शाळेत शिकवतो. उरलेल्या वेळात तो बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान गोंडीत उतरवतो. पंधराव्या अध्यायाची तपासणी करायची होती आणि त्यासाठी बाहेरचं, शास्त्र नीट माहीत असलेलं माणूस हवं होतं. त्याने मला बोलावलं.

ही तपासणी काय असते ते आधी समजून घ्या, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यामुळे झाला. एखाद्या भाषेत शास्त्राचा भाग नव्याने उतरवला की छापण्याआधी तो अशा लोकांना वाचून दाखवतात ज्यांनी तो कधी ऐकलेला नाही. मग त्यांनाच विचारायचं: काय झालं? कोण कोणाला काय म्हणालं? का म्हणालं? त्यांना सांगता आलं तर भाषांतर पास. नाही आलं तर चूक लोकांची नव्हे, भाषांतराची. आणि विचारणाऱ्याने काही म्हणजे काही समजावून सांगायचं नाही. मान हलवायची नाही, "बरोबर" म्हणायचं नाही, भुवईसुद्धा वर करायची नाही. लाल पेन चालवलेल्या बाईला याहून मोठी शिक्षा नसेल.

घुग्घुस, जाता जाता

चंद्रपूरला दौलत आणि त्याची बायको शांती जीप घेऊन आले होते. जीपवाला गुलाबभाऊ. त्याचं घुग्घुसला "दोन मिंटाचं" काम होतं, म्हणून आमच्या वाटेच्या उलट्या दिशेला आधी तिकडे गेलो. कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचा कारखाना यांच्यामधून जाणारा तो रस्ता मी विसरणार नाही. घुग्घुसमध्ये शिरताना माझी साडी पांढरी होती. खाणीची पाळी सुटली होती, तोंडाला पंचे गुंडाळलेले कामगार मोटरसायकलींवरून निघाले होते आणि तो सगळा देखावा दरोडेखोरांच्या मिरवणुकीसारखा दिसत होता. त्यातल्या एकाने थांबून मला स्वच्छ रुमाल दिला. मी तोंड पुसलं तर रुमाल काळा. परत करायला गेले तर तो म्हणाला, "राहू द्या बाई, आमच्याकडं हाच रंग चालते."

मूल

मूल गावात सगळीकडे भाताचा वास. राईस मिलचा भुसा हवेत उडत होता, म्हणजे काळ्या साडीवर सोनेरी नक्षी झाली. आम्ही पोहे खाल्ले. त्यावर तर्री घेऊ नका असं शांती म्हणाली होती. मी घेतली. त्यानंतरचा थोडा वेळ वर्णन करण्याजोगा नाही.

मी पाणी पीत बसले असताना गुलाबभाऊने माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बोट केलं. "हे एवढं जाड कोनं लिवलं बाई?"

ताराचाच प्रश्न! मी सरसावून बसले. सांगितलं की हे एक पुस्तक नाही, कपाट आहे. सहासष्ट पुस्तकं एका बांधणीत. त्यात कायदे आहेत, राजांच्या कथा आहेत, गाणी आहेत, भांडणं आहेत, म्हणी आहेत, पत्रं आहेत. जुना करार ज्यू लोकांच्या हिब्रू भाषेत, नवा ग्रीक भाषेत. लिहिणारे अनेक, आणि एकमेकांना न भेटलेले. कोणी मेंढपाळ, कोणी राजाच्या पदरी, लूक तर वैद्य होता म्हणतात. दोनेकशे वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा मराठीत छापलं गेलं, तेही बंगालातल्या छापखान्यात.

"अन् हा येशू? त्यानं कोनतं लिवलं?"

"त्याने काहीच लिहिलं नाही. तो गोष्टी सांगायचा. लोकांनी त्या ऐकल्या, तोंडी जपल्या आणि बऱ्याच वर्षांनी लिहून काढल्या."

गुलाबभाऊने विचार केला. "म्हणजे ज्यानं सांगितलं त्यानं लिवलं नाई, अन् ज्यायनं लिवलं त्यायनं सगळ्यायनं काई ऐकलं नाई." मग माझ्याकडे सहानुभूतीने पाहून म्हणाला, "चालते बाई. आमच्या बापाची जमीनबी अशीच नावावर झाली."

जीपमध्ये पुढे दौलत आणि मागे आम्ही दोघी. इंजिनाच्या आवाजाचा आडोसा घेऊन शांतीने मला खरी गोष्ट सांगितली. दौलतचा थोरला भाऊ चैतू गावात शेती करतो. दौलत लहानपणी शिकायला गेला तो गेलाच. धर्म बदलला, लग्न केलं, आणि वडील वारले तेव्हा पोचला तो मरणाचं जेवण उरकल्यावर. तेव्हापासून चैतू त्याच्याबरोबर पंक्तीला बसत नाही.

"हे दरवर्षी जाते बाई. ओट्यावर बसते. भासरे आतमंधून बाहेर येत नाई. मंग हे उपाशी वापस येते." भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. "आमच्या पोरीचं नाव ठेवायलेबी नाई आले."

मी पुढे वाकून दौलतला विचारलं, "तपासणीसाठी अनोळखी गाव घ्यायचं असतं ना? तू स्वतःचंच का घेतलंस?"

"तिकडचा रस्ता चांगला आहे, बाई."

तो चांगला रस्ता त्यानंतर एकदा नदीत उतरला, एकदा भाताच्या बांधीत, आणि एका ठिकाणी सरळ संपला. तिथे गुलाबभाऊने जीप थांबवून रस्ता कुठे गेला म्हणून एका गुराख्याला विचारलं. गुराखी म्हणाला, "कालपर्यंत होता."

बऱ्याच वेळाने दौलत मागे न बघता म्हणाला, "त्यानं ही गोष्ट एकदा ऐकावी, बाई. बस. दुसरं काही नाही."

गावात

गावाचं नाव देत नाही, कारण गावपाटलांनी तशी अट घातली आहे. त्यांचं म्हणणं, गावाचं नाव कागदावर आलं की मागोमाग साहेब येतो.

पाटील उंच, सावकाश बोलणारे, कानात बाळ्या. मी नगरहून घडीची खुर्ची नेली होती, कारण माझे गुडघे. ती उघडून ठेवली आणि हातपाय धुवून आले, तोवर पाटील तिच्यात बसले होते. मी परत येईपर्यंत त्यांना ती इतकी शोभू लागली होती की मागायला तोंड होईना. मी बाजेवर बसले.

पाटलांनी पहिलाच प्रश्न केला, "बाई, तुमी किती देवाचे?"

अशा थेट प्रश्नाचं मला कौतुक वाटलं. आमच्या पाळकसाहेबांनासुद्धा असा मुद्द्याला हात घालता येत नाही. मी म्हटलं, "एक."

बुधनी नावाची एक म्हातारी कोपऱ्यात मोहाच्या पानांचे द्रोण टोचत होती. तिने हात थांबवले. "एकच?"

"एकच."

"अन् तुमचा नवरा?"

"तेही एकाचेच."

बुधनीने हातातला द्रोण खाली ठेवला आणि बाकीच्या बायकांकडे पाहिलं. मग दौलतने घाईघाईने मला समजावलं. इथली कुळं देवांवर मोजतात: चार देवांचे, पाच देवांचे, सहा, सात. एकाच आकड्याचे लोक एकमेकांचे भाऊ-बहीण, त्यांच्यात लग्न होत नाही. थोडक्यात, तुमचे आजोबा माझे सख्खे भाऊ निघाले होते.

मी सावरायला गेले. सांगितलं की तसा देव एकच आहे, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे आहेत.

"म्हंजे तीन," पाटील म्हणाले.

"नाही, एकच."

पाटलांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि बायकांना म्हणाले, "राहू द्या. बाईचा प्रवास झाला हाय."

रात्री भात, लाखोळीची डाळ आणि लाल मुंग्यांची चटणी. मुंग्यांची चटणी आंबट असते आणि फार चांगली लागते. तोंड वाकडं करू नका. तुम्ही तिकडे ते चिकट गोड मार्शमेलो विस्तवावर भाजून खाता, मी कधी काही बोलले का?

चैतू आला नाही. दौलत त्याच्या ओट्यावर बसून आला आणि जेवला नाही.

गोटुलात

दुसऱ्या दिवशी सकाळी गोटुलात बैठक. गोटूल म्हणजे गावाने एकत्र बसायची जागा: लाकडी खांब, वर गवताचं छप्पर, चारी बाजूंनी मोकळी. मागे चुलीवर भात चढवला होता, कारण वाचन झालं की सगळ्यांचं जेवण होतं. पाटील माझ्या खुर्चीत. आणि बाहेर, चार पावलांवर, आमच्याकडे पाठ करून एक माणूस सालीचा दोर वळत बसला होता. शांतीने मला कोपराने ढोसलं. तो चैतू.

पाटलांनी हाक मारली, "चैतू, आत ये!"

"मी दोर वळून राह्यलो."

"घरी नाई वळता येत?"

"घरी सावली नाई."

त्याच्या घरापुढे चिंचेचं केवढं तरी झाड होतं.

दौलतने वाचायला सुरुवात केली. बोलणं सगळं गोंडीत, शांती माझ्या कानात तिच्या बोलीत सांगत होती, म्हणून इथे तुम्हाला गावातले सगळे तिच्याच बोलीत बोलताना दिसतील. दौलत मात्र छापील गोंडीत बोलत होता, म्हणून तो आपल्या मराठीत. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. आपण तिला उधळ्या पुत्राचा दाखला म्हणतो. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना आपला वाटा मागतो, परमुलखात उडवतो, दुष्काळात डुकरं राखायची वेळ येते, भुकेने घरी परततो. बाप धावत जाऊन गळ्यात पडतो आणि पाळलेलं वासरू कापून जेवण घालतो. थोरला शेतावरून येतो, त्याला राग येतो, तो आत जात नाही.

आमच्या नगरच्या ख्रिस्ती देवळात हा दाखला वाचला की लोक डोळे मिटून ऐकतात आणि त्यातले काही झोपतात. इथे दौलत डुकरांपर्यंत पोचला आणि बुधनी ओरडली, "थांब! डुकरं राखत होता, अन् उपाशी?"

"हो."

"इतके डुकरं समोर असून?"

"मालकाची होती, माय."

"मंग मालकाले जेवाले बोलवायचं अन् एक कापायचं! येडा का खुळा?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या जिभेला इतकी खाज सुटली होती म्हणून सांगू. ज्यांना ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली ते ज्यू होते, डुकराला शिवत नव्हते, त्यांच्या दृष्टीने मुलगा याच्या खाली जाऊच शकत नव्हता. इथे तो एकदम चांगल्या नोकरीला लागलेला दिसत होता. भाषांतर करणाऱ्याला डुकराच्या जागी दुसरं जनावर घालता येत नाही, कारण पुस्तकात डुकरंच आहेत. मी पदर तोंडात धरून बसले.

वाचन संपलं. मी पहिला प्रश्न विचारला, "काय झालं?"

पाटील खुर्चीत पुढे सरकले. "एक ईचारतो. मोठा शेतातून यायच्या आधी ढोल वाजला?"

"वाजला," दौलत म्हणाला.

"जेवन सुरू झालं?"

"झालं."

"मोठ्याले बोलवायले कोन गेल्तं?"

दौलतने कागद पाहिला. "कोणी नाही."

गोटुलात एकदम गलका झाला. शांतीला दोन्ही कानांनी ऐकावं लागत होतं. या गावाची रीत अशी की बाहेर गेलेल्याला परत घरात घेताना जेवण द्यायचं, आणि त्या जेवणाचा पहिला घास घरातल्या थोरल्या भावाने उचलायचा. त्याने उचलला तरच परतलेला माणूस परतला. थोरल्याशिवाय जेवण केलं तर ते नुसतं खाणं झालं. आणि असा तंटा निघाला, की पंचांनी बसल्या जागी निकाल द्यायचा असतो. निकाल होईपर्यंत उठायचं नाही आणि जेवायचं नाही.

माझी तपासणी संपली होती, बाळांनो. पंचायत बसली होती.

"म्हाताऱ्यानं चूक केली," एक जण म्हणाला.

"लेकरू आलं, खुशीत भुलला असन."

"भुलला तरी दंड!"

"दंडच!" बुधनी म्हणाली. "एक कोंबडा!"

आता या दाखल्यातला बाप म्हणजे देव, हे आपल्याकडे रविवारच्या शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. माझ्या डोळ्यांदेखत गडचिरोली जिल्ह्यात देवबापाला एक कोंबडा दंड झाला आणि मला भुवई उचलायची परवानगी नव्हती.

मग दंड भरणार कोण? म्हातारा तर हजर नाही. पाटील म्हणाले, "दूरच्या गावचा मानूस हाय. त्याचा कोंबडा मी देतो." आणि खरोखरच कोंबडा पकडायला माणूस धाडला. दुसऱ्यांचा दंड स्वतः भरणाऱ्या येशूची गोष्ट याच पुस्तकात पुढे येते. तीच तर त्या पुस्तकाचं मूळ. आणि मला तेही सांगता येत नव्हतं.

"पन म्हातारा बाहेर आल्ता ना मोठ्याकडं?" कोणीतरी बापाची बाजू घेतली. "सोता उठून आला. समजावत होता. दंड झाला, राग धरू नोका."

"बराबर. मंग मोठा आत गेला का?"

दौलत म्हणाला, "ते लिहिलेलं नाही."

"पान फाटलं का?"

"नाही. गोष्ट तिथंच संपते."

"वाळवी लागली असन," बुधनी म्हणाली, आणि सगळ्यांनी माझ्या पुस्तकाकडे संशयाने पाहिलं. पान फाटलेलं नाही, तारा. जुन्यातल्या जुन्या हस्तलिखितातसुद्धा ही गोष्ट इथेच थांबते. मला वाटतं, सांगणाऱ्याने ती मुद्दामच तोडली. कारण हा पाप्यांबरोबर जेवतो म्हणून येशूसमोर बसून कुरकुरणारे सज्जन लोक हेच थोरले भाऊ होते, आणि पुढचं त्यांनी करायचं होतं.

पण निकाल अडला. भाताचा वास येत होता, कोंबडा शिजत होता आणि कोणी उठेना. शेवटी पाटलांनी खुर्ची बाहेरच्या बाजूला वळवली. "चैतू. तू मोठा हायेस. मोठ्याचं तुले ठाऊक. सांग, तो गेला का नाई?"

दोर वळणारे हात थांबले. "मी काई ऐकलं नाई."

"बरं."

दोर पुन्हा वळायला लागला. मग तो पाठमोराच म्हणाला, "अन् त्याले बोकडासाठी राग नोहता आला."

गोष्टीत थोरला बापाला म्हणतो की मला तू कधी साधं करडूही दिलं नाहीस. न ऐकणाऱ्या माणसाला बोकडाचं बरंच माहीत होतं.

"बोकडाचं तो उगाच बोलला. भाऊ आला हे त्याले गड्यानं सांगितलं. घरचं कोनी नाई सांगाले आलं." त्याने दोराला पीळ दिला. "मले याच्या लग्नाचं बजारात समजलं. मिठाच्या दुकानात."

दौलतची मान खाली गेली. शांती माझ्या कानात सांगायची थांबली होती; ते वाक्य तिने मला नंतर सांगितलं.

मग बुधनीने सगळ्यांच्या वतीने विचारलं, "मी म्हनते, म्हातारा बाहेर उन्हात समजावून राह्यला. त्या टायमाले धाकटा कुठी हाय?"

"आत," पाटील म्हणाले. "जेवून राह्यला."

"बाप उन्हात, अन् हा जेवून राह्यला!"

हा दाखला मी वर्गात कितीदा शिकवला, प्रवचनात कितीदा ऐकला. धाकटा त्या वेळी कुठे आहे, हा प्रश्न कोणाला पडलेला मला तरी आठवत नाही.

दौलतने कागद खाली ठेवले. मागे जाऊन पत्रावळीवर भात घेतला, त्यावर कोंबड्याचा रस्सा घातला, आणि छपराखालून बाहेर उन्हात आला. पत्रावळ भावापुढे ठेवली आणि उभा राहिला.

चैतूने त्याला उभं राहू दिलं. दोराचा चांगला एक वेढा होईपर्यंत.

"कोंबडा कोनाचा?"

"पाटलांचा, दादा. म्हाताऱ्याच्या दंडाचा."

"हं." चैतूने दोर बाजूला सारला, हात धुतले आणि एक घास उचलला. सगळं गोटूल त्याच्या जबड्याकडे बघत होतं. त्याने सावकाश चावला, गिळला आणि म्हणाला, "मीठ कमी हाय."

आत पत्रावळ्या मांडल्याचा आवाज सुरू झाला. पाटील माझ्याकडे वळून म्हणाले, "लिवा बाई, गोष्ट समजली." मी लिहिलं.

"आता सांग ते," चैतू दौलतला म्हणाला. "पहिल्यापासून. मी काई ऐकलं नोहतं."

दौलतला कागद लागत नव्हते. "एका बापाले दोन पोरं होते," तो म्हणाला. छापील गोंडी सोडून घरच्या गोंडीत.

"मोठ्याचं नाव काय?"

"नाव नाई लिवलं, दादा."

चैतूने भात कालवता कालवता वर पाहिलं. "मंग उभा काऊन हायेस? आपलं पान घेऊन ये. उपाशी मानसाले गोष्ट बराबर सांगता येत नाई."